नोंद कुणाची, जोखीम कुणाची

माहिती समाजावरच्या लेखसंग्रहाची प्रस्तावना उलव्यात बसून लिहावी, याला कारण आहे. पनवेल तालुक्याच्या या टोकाला गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत जे घडलं, ते समजायला समाजशास्त्राचे ग्रंथ तीन वेगवेगळ्या युगांची नावं घेतात. आधी भातशेती, मिठागरं आणि खाडीतल्या मासेमारीवर जगणारी आगरी-कोळी गावं होती. मग १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी जायला लागल्या. आता एका अंगाला न्हावा-शेवाचं बंदर, दुसरीकडे १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला अटल सेतू, आणि उलव्याचा डोंगर कापून, उलवे नदीचा प्रवाह वळवून उभा राहिलेला विमानतळ. आजीने लावणी केली, मुलाने बंदरात कंटेनर मोजले आणि नात आज मोबाइलवर बसून कुठल्या तरी दूरच्या कंपनीची बिलं तपासते, अशी घरं इथे शोधावी लागत नाहीत.

हे सगळं डोळ्यांना दिसतं. दिसत नाही तो या बदलाखालचा कागद. प्रत्येक टप्प्यावर इथल्या माणसाचं काय होणार हे कुठल्या तरी नोंदीने ठरवलं. जमिनी गेल्या त्या सातबाऱ्यावरच्या नावांनुसार. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन पेटलं, गोळीबारात पाच शेतकऱ्यांचा जीव गेला, आणि पुढे विकसित भूखंडाची साडेबारा टक्के योजना आली. रक्त सांडून मिळालेला हा हक्कही शेवटी पात्रता यादीतून आणि फाइलमधूनच माणसापर्यंत पोहोचायचा होता. समजा, सातबाऱ्यावर नाव आहे ‘हिरी पांडू’. रेशन कार्डावर तीच बाई ‘हिराबाई पांडुरंग’, आधारवर आडनावासकट तिसरंच काही, आणि बँकेच्या पासबुकात इंग्रजी स्पेलिंगमधून परत मराठीत आलेलं चौथं नाव. गावात तिला सगळे ओळखतात. कचेरीत मात्र या चार बाया आहेत, आणि त्या चौघी एकच आहेत हे सिद्ध करायचं काम तिच्या वारसांचं. प्रतिज्ञापत्र, वारस दाखला, तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज, पुन्हा फेरफार. चूक कुणी केली हे कुणी विचारत नाही. निस्तरायची कुणी, हे मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं.

या पुस्तकाचा गाभा मला इथेच दिसतो. माहिती समाजाच्या धोक्यांबद्दल बोलताना आपल्यासमोर हॅकर, व्हायरस, खोट्या बातम्या, फसवे फोन येतात. ते धोके खरेच आहेत आणि या संग्रहात त्यांना जागा आहे. पण त्यांच्याही मुळाशी एक साधी गोष्ट आहे. माणसाबद्दलची नोंद माणसापेक्षा खरी मानली जाते, ती नोंद करणारा एक असतो, तिच्यावर कमावणारा दुसरा, आणि ती चुकली, फुटली किंवा चोरीला गेली की भोगणारा तिसराच. हा तिसरा माणूस अभ्यासाच्या मध्यावर यायला बरीच वर्षं लागली. ती कशी लागली हे नव्या वाचकाला कळावं म्हणून या विषयाचा प्रवास थोडक्यात सांगतो.

सुरुवात मोजणीपासून झाली. १९६२ मध्ये फ्रिट्झ माखलुप या अर्थतज्ज्ञाने अमेरिकेतल्या ज्ञानाच्या उत्पादनाचा हिशोब मांडला. शिक्षण, संशोधन, छपाई, टेलिफोन, संगणक हे सगळं एकत्र धरून १९५८ सालच्या राष्ट्रीय उत्पादनाचा सुमारे २९ टक्के वाटा ज्ञानाशी निगडित आहे, असा त्याचा अंदाज होता. पुढच्याच वर्षी जपानमध्ये तादाओ उमेसाओ यांनी माहिती उद्योगावर निबंध लिहिला. १९७३ मध्ये डॅनियल बेलने उद्योगोत्तर समाजाची कल्पना मांडली: कारखान्यातल्या कामगाराची जागा तज्ज्ञ घेईल आणि भांडवलापेक्षा सैद्धांतिक ज्ञान मोलाचं ठरेल. जपानच्या योनेजी मासुदा यांनी तर माहिती समाजाचं जवळजवळ स्वप्नचित्रच रेखाटलं. या पिढीच्या लिखाणात उमेद भरपूर आहे. धोका आहे तो ‘मागे पडण्याचा’. आपल्याकडच्या सरकारी कागदपत्रांत अजूनही हाच सूर ऐकू येतो.

त्याला उत्तर देणारी फळी लवकरच उभी राहिली. हर्बर्ट शिलर यांनी विचारलं, ही माहिती कुणाच्या मालकीची आणि कुणाच्या फायद्याची? वासाहतिक गुलामीतून सुटलेल्या देशांनी हाच प्रश्न युनेस्कोत नेला आणि १९८० मध्ये मॅकब्राइड आयोगाचा अहवाल आला. त्या आयोगावर भारताकडून पत्रकार बी. जी. वर्गीस होते. फ्रँक वेबस्टर यांनी १९९५ मध्ये या सगळ्या सिद्धांतांची झाडाझडती घेऊन दाखवून दिलं की माहिती वाढली म्हणून समाज मुळातून नवा झाला, हे गृहीत धरण्याइतका पुरावा नाही. नव्या अभ्यासकाने वेबस्टर आधी वाचावा असं मी सुचवेन. पाय जमिनीवर राहतात.

मॅन्युएल कास्टेल्स यांची १९९६ ते १९९८ या काळातली त्रिखंडी मांडणी हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा टप्पा. सत्ता आणि संपत्ती आता जाळ्यांतून वाहते. जाळ्यात जोडलेली ठिकाणं एकमेकांच्या जवळ येतात आणि त्यांच्या शेजारीच असलेली, पण न जोडलेली वस्ती दूर फेकली जाते, असं त्यांनी सांगितलं. उलव्याच्या रहिवाशाला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही. आम्र मार्गावरून जाणारा कंटेनर युरोपातल्या गोदामाशी जोडलेला असतो. त्याच रस्त्याच्या कडेला, विमानतळासाठी घर सोडून पुनर्वसनाच्या जागेवर गेलेलं कुटुंब आपल्या भूखंडाच्या फाइलचं काय झालं हे विचारायला चौथ्यांदा रजा टाकतं.

पाळतीचा अभ्यास ही वेगळी शाखा. अॅलन वेस्टिन यांचं खासगीपणावरचं पुस्तक १९६७ चं. रॉजर क्लार्क यांनी १९८८ मध्ये दाखवलं की माणसाच्या मागे शिपाई लावायची गरज उरलेली नाही, त्याच्या नोंदी एकमेकींना जोडल्या की पुरे. डेव्हिड लायन यांनी त्यातली समाजशास्त्रीय बाजू उलगडली: पाळत म्हणजे केवळ बघणं नसतं, ती माणसांची वर्गवारी करते, कुणाला कर्ज द्यायचं, कुणाला दारात अडवायचं हे ठरवते. शोशाना झुबॉफ यांनी २०१९ मध्ये या पाळतीचा बाजार कसा चालतो ते मांडलं. हे लिखाण अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात झालं आणि त्यातला माणूस बहुतेकदा आपल्या फोनचा एकटा मालक असतो. आपल्या घरात एक फोन सासू, सून आणि शाळकरी नातू वापरतात, ओटीपी शेजाऱ्याला वाचायला दिला जातो, आणि सेतू केंद्रातल्या मुलाकडे अर्ध्या गावाचे पासवर्ड असतात. तो मुलगा बहुधा भला असतो. त्याच्यावाचून गावाचं पानही हलत नाही. पण सिद्धांतात त्याला जागा नाही.

आता ज्या परंपरेने या संग्रहाला सर्वाधिक दिलं तिच्याकडे येतो. चार्ल्स पेरो यांनी १९८४ मध्ये अपघातांचा अभ्यास करताना सांगितलं की काही यंत्रणा इतक्या गुंतागुंतीच्या आणि एकमेकींना इतक्या घट्ट बांधलेल्या असतात की त्यांत अपघात ही अनपेक्षित गोष्ट राहत नाही. त्यांनी अणुभट्टीपासून सुरुवात केली होती. दोन वर्षांनी, चेर्नोबिलच्याच वर्षी, उलरिश बेक यांचं जोखीम समाजावरचं पुस्तक आलं. आधुनिक समाज संपत्तीबरोबर धोकेही निर्माण करतो आणि राजकारण आता धोक्यांच्या वाटणीभोवती फिरेल, हा त्यांचा मुद्दा.

पेरो समजून घ्यायला उलव्याहून फार लांब जावं लागत नाही. २७ जून २०१७ ला युक्रेनमध्ये एम.ई.डॉक नावाच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून एक घातक प्रोग्राम पसरला. तो पुढे नॉटपेट्या या नावाने ओळखला गेला. मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं जाळं त्याने काही तासांत निकामी केलं. न्हावा-शेवा बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल त्याच समूहाच्या एपीएम टर्मिनल्सचं. तिथलं काम ठप्प झालं.

कंटेनर यार्डात उभं राहिलं की एकावर एक रचलेल्या पेट्यांचे डोंगर दिसतात. कुठल्या पेटीत औषधं आहेत, कुठल्यात यंत्राचे भाग, कुठली आधी जहाजावर चढायची आहे, हे पेटीकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. ते संगणकाला ठाऊक असतं. संगणक गेला की पेट्या जागच्या जागी असूनही हरवलेल्या असतात. गेट पास निघत नाही, क्रेनवाल्याला पुढची पेटी कळत नाही, आणि ट्रेलर बाहेर रांगेत उभे राहतात. मर्स्कच्या अध्यक्षांनी नंतर जाहीरपणे सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. जाळ्याची एक महत्त्वाची प्रत वाचली ती घानामध्ये, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. कंपनीचं नुकसान तीस कोटी डॉलरच्या घरात गेलं आणि ते ताळेबंदात लिहिलं गेलं. रांगेतल्या ट्रेलर ड्रायव्हरचे बुडालेले दिवस मात्र मला कुठल्या अहवालात सापडले नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच बंदरातल्या दुसऱ्या एका टर्मिनलवर पुन्हा खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आणि जहाजं शेजारच्या टर्मिनलांकडे वळवावी लागली.

बेक यांच्याशी मात्र माझं एका जागी पटत नाही. आधुनिक धोके श्रीमंत-गरीब असा भेद फारसा पाळत नाहीत, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. हवेतल्या विषाबद्दल ते काही अंशी खरं असेल. माहितीच्या धोक्यांना महाराष्ट्रापुरतं तरी जात, वर्ग आणि पत्ता नेमका कळतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशा व्हॉट्सअॅपवरच्या अफवा त्या दिवसांत सगळीकडे फिरत होत्या. मारले गेलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. तो मजकूर हजारो फोनवरून गेला असेल. पुढे पाठवणाऱ्यांपैकी कुणाच्या अंगाला ओरखडा आला नाही. मेले ते, ज्यांना कुठल्याच गावात ‘आपला’ म्हणणारं कुणी नव्हतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एकावेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती उपयोगी आहे. पण भटक्या माणसाकडे संशयाने बघायची आपली सवय कुठल्याही अॅपच्या आधीची आहे, आणि तिच्यावर मर्यादा घालण्याचं काम कंपनीचं नाही.

भारतातल्या संशोधनाने इथेच मोलाची भर घातली. ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झारखंडमध्ये रेशन दुकानांवर उभं राहून बघितलं की अंगठा जुळला नाही, आधार जोडलेलं नाही किंवा नेटवर्क नाही म्हणून कुणाचं धान्य अडतं. उषा रामनाथन यांनी ओळख क्रमांकामागचं कायद्याचं आणि सत्तेचं गणित तपासलं. सॉलोमन बेंजामिन आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या ‘भूमी’ या जमीन-नोंदींच्या संगणकीकरणाबद्दल दाखवलं की नोंदी एकत्र आणि स्वच्छ झाल्याचा पहिला लाभ बंगळूरूभोवतीच्या मोठ्या खरेदीदारांना झाला. पनवेल-उरण पट्ट्यातल्या वाचकाने हा अभ्यास मुळातून वाचावा. नकाशा कुणाला आधी कळतो यावर इथे किती घरांचं नशीब ठरलं, हे त्याला चांगलं माहीत आहे.

खुद्द महाराष्ट्र या विषयात पहिल्यापासून प्रयोगभूमी राहिला आहे. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक आलं आणि १९९१ मध्ये तिथे परम महासंगणक तयार झाला. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातली ७० गावं संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. पुढे बंगळूरूच्या संशोधकांनी तो तपासला तेव्हा आढळलं की गावातले संगणक मुख्यतः उसाच्या वजनाचे आणि खताचे हिशोब बघायला वापरले जात होते, आणि तेवढं काम साध्या फोनवरच्या एसएमएसने स्वस्तात होत होतं. माझ्या मते या विषयावरचा हा सर्वांत शिकवणारा निष्कर्ष आहे: शेतकऱ्याला काय हवं हे त्याला विचारल्यावरच कळलं. २००१ पासून एमएस-सीआयटीने घराघरात संगणक शिकवला. त्याचं ऋण मोठं आहे. माउस धरायला शिकवलं, फॉर्म भरायला शिकवलं. हा फॉर्म माझी एवढी माहिती का मागतो, असं विचारायला मात्र कुणी शिकवलं नाही.

२९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरमधल्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका साध्या मतासाठी अटक झाली. त्यातून उठलेल्या वादात श्रेया सिंघल यांची याचिका आली आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६-अ रद्द केलं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत ९४ कोटी रुपये गेले, त्यांतले बरेचसे परदेशांतल्या एटीएममधून. बोलण्याचा हक्क, पैशाची सुरक्षितता, ओळख: तिन्हींचे धडे आपल्याच जिल्ह्यांत गिरवले गेले आहेत, आणि तरीही मराठीत त्यांचा एकत्र विचार झालेला नाही. वर्तमानपत्रात बातमी येते, पोलीस सावध राहायला सांगतात, विषय संपतो.

आत्ताच हे पुस्तक का, याचं उत्तर दोन घडामोडींत आहे. पहिली कायद्याची. ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(जे) बदललं. ज्या राज्याने राळेगणसिद्धीपासून माहितीच्या हक्कासाठी लढा दिला आणि २००२ मध्ये देशाच्या आधी आपला कायदा केला, तिथे हा बदल जिव्हारी लागायला हवा. लाभार्थ्यांच्या यादीतली खोटी नावं गावकऱ्याने उघड केली, ती यादी मागूनच. आता खासगीपणाचं कारण पुढे करून यादीच नाकारली गेली, तर गरिबाचा खासगीपणा वाचला की ठेकेदाराचा? दोन्ही हक्क हवे आहेत, आणि त्यांची सांगड कशी घालायची हा पुढच्या दहा वर्षांचा प्रश्न आहे.

दुसरी घडामोड दाराशी आली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरमध्ये उड्डाणं सुरू झाली. विमानतळांवर चेहरा हेच ओळखपत्र व्हावं, या दिशेने देश निघाला आहे. ऐरोली, महापे, रबाळे आणि पनवेलमध्ये डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. ज्याला लोक ‘क्लाऊड’ म्हणतात, तो आपल्याच शेजारी, आपल्याच विजेवर चालतो. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरचे संगणक बंद पडले तेव्हा भारतातल्या काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तेव्हा हातात पेन होतं आणि ते वापरायला माणूसही होता. तो माणूस कमी करणं म्हणजेच कार्यक्षमता, असं अनेक आराखडे मानतात.

या संग्रहाने काय ठरवलं होतं ते सांगतो. लेखकांत ग्रंथालयात काम करणारे आहेत, वकील, शिक्षक, तलाठी कार्यालयात आयुष्य घालवलेले, बंदरावर काम केलेले आहेत. प्रत्येकाला तीन प्रश्न दिले होते. तुम्ही ज्या नोंदीबद्दल लिहिता ती कोण करतं, चुकली तर कोण दुरुस्त करू शकतं, आणि दुरुस्ती होईपर्यंतचा खर्च कोण सोसतं? परदेशी सिद्धांत आले आहेत, पण ते उदाहरणाच्या मागून चालतात. लेखकांची एकमेकांशी मतं जुळत नाहीत. आधारमुळे दलाल हटला असं अनुभवाने सांगणारा लेख आहे, आणि दलाल फक्त मशीनच्या मागे जाऊन बसला असं म्हणणाराही. दोघांची भांडणं संपादनात मिटवलेली नाहीत; वाचकाला ती भांडणं हवी आहेत असं मी धरून चाललो.

राहिलंही बरंच. शेअर बाजारातले संगणकी व्यवहार, मुलांचं फोनवरचं आयुष्य आणि युद्धातला माहितीचा वापर यांना इथे न्याय मिळालेला नाही. त्यांच्यासाठी वेगळे अभ्यासक आणि वेगळा ग्रंथ लागेल. त्याहून मला अधिक हवे आहेत ते लहान, स्थानिक अभ्यास. एका रेशन दुकानावर वर्षभरात किती वेळा अंगठा नाकारला गेला आणि त्या दिवशी त्या बाईने काय केलं. कलम १५५ खालच्या एका तालुक्यातल्या अर्जांत चूक मूळ वहीतली किती आणि संगणकावर चढवतानाची किती. ऑनलाइन फसवणुकीनंतर १९३० या मदतक्रमांकावर फोन केलेल्यांपैकी मराठीतच बोलू शकणाऱ्यांना काय उत्तर मिळालं. विमानतळासाठी हललेल्या गावांतल्या पात्रता याद्यांच्या जुन्या प्रती कुणाच्या पेटीत आहेत, आणि त्या कोण वाचून, जुळवून ठेवणार. पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका उन्हाळ्यात हातात घेता येतील असे हे विषय आहेत. पनवेल, उरण किंवा साक्रीच्या एखाद्या महाविद्यालयातून असा एक प्रबंध आला, तर पुढच्या आवृत्तीत पहिलं पान त्याला देऊ.